चंद्रप्रकाशची कबुली

विलेपार्ल्याच्या शाळेच्या हॉलमध्ये उपनगरांच्या बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव चालू होता. एकीकडे चंद्रप्रकाश, गेल्या वर्षीचा विजेता. समोर उत्तरा, स्पर्धेतली एकमेव मुलगी. चषकासाठी तिला जिंकायलाच हवं होतं. त्याला बरोबरीही पुरत होती.

पण उत्तरा चषकासाठी आलीच नव्हती. १९५३ साली घाटकोपरच्या स्पर्धेत तिचा भाऊ सहदेव ह्याच चंद्रप्रकाशला हरवत आला होता. तेव्हा चंद्रप्रकाशने पंचांना शपथेवर सांगितलं, "ह्याला प्रेक्षकांतून खुणा होतायत." सहदेवचं नाव स्पर्धेतून काढलं. ऑफिसातसुद्धा लोक त्याला 'खुणावाला' म्हणू लागले. त्याने खेळ सोडला. आज उत्तराने हट्ट धरला म्हणून तो आला होता, आणि मागे भिंतीला टेकून उभा होता.

उत्तराचा हत्ती आत घुसला आणि चंद्रप्रकाशचा राजा कोपऱ्यात अडकला. आता घोडा खेळला की मात. चंद्रप्रकाशला ती मात दिसली. उत्तराने मात्र कडेचं प्यादं सरकवलं.

पोरीला दिसलंच नाही! त्याने वजीर मागे घेतला, तरी मात टळत नव्हती. तो हळूच म्हणाला, "बरोबरी करू या?"

"करू. आधी उभे राहा आणि सगळ्यांना सांगा, दादाला खुणा होत नव्हत्या."

"वेड लागलंय का तुला?"

उत्तराने हात घोड्याकडे नेला. चंद्रप्रकाश खुर्ची सरकवून उठला.

"घाटकोपरला सहदेवला कुणी खुणा करत नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

तो खाली बसेपर्यंत उत्तरा थांबली. मग तिने घोडा उचलून ठेवला.

"शह आणि मात."

"ए! तू कबूल केलं होतंस!" चंद्रप्रकाश ओरडला.

पंच असलेल्या अण्णांनी पट पाहिला. "मात झालीय," ते थंडपणे म्हणाले. घाटकोपरलाही तेच पंच होते.

परतताना सहदेवने उत्तराला विचारलं,

"मात आधीच होती ना गं?"

"होती. पण मग तो नुसता हरला असता."

"शब्द मोडलास तू. मी नसता मोडला."

"माहीत आहे मला. तुझं काय झालं, तेही माहीत आहे."

थोडं पुढे गेल्यावर सहदेव एकदम मोठ्याने हसला, आणि म्हणाला, "उठताना त्याचं तोंड बघितलंस?"