मावशींचा नकली पाम

"हलू नकोस म्हटलं ना, कान कापला जाईल!"

कात्री हातात घेऊन मावशी पामला दटावत होत्या. पंख्याच्या वाऱ्यावर तो डोलत होता आणि पानांची करपलेली टोकं एकेक करून त्यांच्या ओंजळीत पडत होती.

"टोकं कशाला हो कापता?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"खरा पाम टोकाला करपतो, बाई. प्लास्टिकचा करपतो का कधी?"

नव्या साहेबांचा हुकूमच तसा होता. कचेरीत खरी झाडं नकोत. मातीला मुंग्या लागतात, पाण्यात डास होतात. सगळीकडे प्लास्टिकची येणार. अकरा वाजता साहेब स्वतः पाहणी करणार होते, आणि खरं निघालेलं झाड थेट उकिरड्यावर जाणार होतं.

नऊ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी निरोपसमारंभात हा पाम आला, आणि निरोप घेणारा त्याला विसरून गेला. तेव्हा नुसत्या तीन काड्या होत्या. फरशी पुसता पुसता मावशींनी त्याला पाणी पाजलं, पान नि पान पुसलं, आणि पुसताना स्वतःशीच गुणगुणल्या:

तुला कोपरा रे दिला, मला दिला रे फडका
दोघांचाही इथे कुणी घेत नाही धसका

आता तो पुरुषभर उंच झाला होता आणि अख्खी कचेरी त्याच्या आश्रयाला होती. टायपिस्टबाई त्याच्याआड उभ्या राहून फोनवर नवऱ्याशी भांडत. शिपाई त्याच्यामागे दुपारची डुलकी काढी. हेडक्लार्क पानांच्या फटींतून साहेबांची चाहूल घेत. त्यामुळे कटात सगळेच सामील झाले. शिपायाने मातीवर पांढरे खडे पसरले. हेडक्लार्कांनी नव्याने आलेल्या एका प्लास्टिकच्या झाडाची चिठ्ठी सोलून कुंडीवर डकवली. एवढं मन लावून त्यांनी नोकरीत काही केलं असेल असं कुणाला आठवेना.

साहेब आले. पामभोवती एक फेरी मारली, मग दुसरी.

"अरेका पाम! मला यातलं कळतं बरं का. एक बुंधा नाही, असा काड्यांचा जुडगा, हे पहिलं लक्षण. देठ पिवळसर. काडीवर बांबूसारखी वलयं. जुनं पान गळलं की एक वलय. आणि हे बघा, मधोमध नवं पान, भाल्यासारखं मिटलेलं! एक खूण सोडलेली नाही. खऱ्याला लाजवेल अशी नक्कल!"

"माल चांगला देतात ते," हेडक्लार्क पुटपुटले. शिपायाला जोराचा खोकला आला.

"बाकीची लावा कुठेही. हा माझ्या खोलीत ठेवा. खिडकी नाही तिथे, जरा हिरवं दिसेल."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मावशींचा हात मात्र कुंडीच्या काठावरून निघेना.

"साहेब, तिथं नको."

टायपिस्टबाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"का बरं?"

"ऊन नाही तिथं. दोन महिने काढेल कसेबसे, मग वाळेल."

"प्लास्टिक वाळेल?"

"खरा आहे तो, साहेब. ह्यांना बोलू नका. टोकं मीच कापली सकाळी." मावशींनी पदराची गाठ सोडून तुकडे तळहातावर धरले.

शिपायाने डोळे मिटून घेतले. साहेब तळहातावरच्या त्या तपकिरी तुकड्यांकडे बघत राहिले. मग चिठ्ठीकडे. मग हेडक्लार्कांकडे, ते एकदम छताकडे बघू लागले.

"नियम सगळ्यांना सारखा, मावशी," साहेब शेवटी म्हणाले. "उकिरड्यावर नको. घेऊन जा घरी."

"नेते. पायरीवर ऊन असतं आमच्या."

साडेपाचच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, ह्याचं तिकीट?"

"बसलाय का तो? उभाच आहे की बिचारा."

अख्खी बस हसली. कुंडीला मिठी मारून मावशीही हसल्या, पण पानांआड त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी टायपिस्टबाई सवयीने कोपऱ्यात गेल्या आणि मोकळ्या भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात नवऱ्याशी भांडू लागल्या. मावशी फरशी पुसत तिथवर आल्या. कुंडीच्या जागी फरशीवर एक फिकट गोल उरला होता. फडका त्याच्या काठापर्यंत गेला, थबकला, आणि नऊ वर्षांच्या वळणाने त्याला वळसा घालून पुढे सरकला.