एक जादा बॅटरी

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी गुरुवार दिला आणि मुलगी रविवारी बॅटरी शोधायला बाहेर पडली.

वडिलांचं स्वरयंत्र काढावं लागणार होतं. गाठ तिथेच होती आणि दुसरा मार्ग उरला नव्हता. नंतर बोलण्याचे उपाय आहेत, यंत्रं आहेत, सराव आहे, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. आवाज मात्र हा राहणार नाही, हेही तितक्याच नीट सांगितलं. वडिलांनी मान डोलावली. बाहेर बाकावर बसलेल्या आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"गुरुवारी ऑपरेशन. बुधवारी संध्याकाळी येऊन भरती व्हा म्हणाले," वडिलांनी सांगितलं.

वडिलांनी आयुष्यभर व्हिडिओ शूटिंग केलं. लग्नं, वाढदिवस, निरोप समारंभ, दुकानांची उद्घाटनं. गल्लीत त्यांना शूटिंगवाले म्हणूनच ओळखत. सुट्टीच्या दिवशी तोच कॅमेरा घरात फिरायचा. मुलीचं पहिलं पाऊल, पडलेला दात, सायकलवरून आपटणं, आईने वैतागून लेन्सवर आडवा धरलेला हात, सगळं टिपलेलं होतं. धंदा बंद करताना वडिलांनी घरच्या टेपा डिस्कवर उतरवून ठेवल्या होत्या. गेल्या आठवड्यात मुलीने त्या पहिल्यांदाच ओळीने लावून पाहिल्या. वडिलांचा आवाज त्यात कुठेच नव्हता.

कारण धंद्यातलंच होतं. कॅमेऱ्याचा माइक शूटिंग करणाऱ्याच्या तोंडाजवळ असतो. तो पुटपुटला तरी आधी त्याचंच बोलणं टेपवर जातं. "लोकांच्या लग्नात माझी बडबड कशाला?" असं ते म्हणत आणि तोंड मिटून हातांनी काम भागवत. तळहात खाली म्हणजे बसा. दोन बोटं म्हणजे इकडे बघा. बोट हवेत गोल फिरलं की चालू ठेवा, आणि मूठ म्हणजे थांबा. घरच्या शूटिंगलाही नियम तोच. डिस्कवर मुलगी धावत येते, लेन्सकडे बघून काहीतरी विचारते, आणि उत्तरादाखल चौकटीच्या कडेने एक हात आत येतो.

ते तिला भिंगरी म्हणत, कारण ती कधीच एका जागी उभी राहत नसे. लग्न झालं, शाळेत भूगोल शिकवायला लागली, केस पांढरे व्हायला लागले, तरी भिंगरीच. दुसरं कुणी तिला या नावाने हाक मारत नव्हतं. तिला तेवढं हवं होतं, त्यांच्या तोंडून ते नाव. बाकी काय बोलायचं ते बोलोत.

तिने आधी मोबाईलवर प्रयत्न केला. जेवताना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. वडिलांच्या लक्षात आलं.

"चालू आहे का ते?"

"हो."

"पुसून टाक. चोरून काढलेलं मी कधी कुणाचं ठेवलं नाही."

"मग सांगून काढू?"

त्यांनी घास संपवला. "माझ्या कॅमेऱ्यावर. नीट उजेडात. मी सांगेन तिथे खुर्ची ठेवून."

"आयुष्यभर दुसऱ्यांना इकडे बघा, हसा, असं करत आलात," आई म्हणाली. "आता स्वतःवर आल्यावर बघा कसे भाव खाताय."

कॅमेरा म्हणजे त्यांचा शेवटचा, छोटी टेप घालायचा, तळहातावर मावणारा. कपाटात तो कापडात गुंडाळलेला होता आणि शेजारी एक सीलबंद कोरी टेप. विजेची वायर लावायची जागा कधीच मोडली होती. तो चालायचा तर बॅटरीवरच, आणि त्याच्या जुन्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या. "ह्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या टिकल्याच नाहीत," वडील म्हणाले. "कंपनीने माल सुधारला म्हणे. कसला सुधारला!"

दुकानदाराने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला. "ताई, हा आता संग्रहालयात शोभेल."

"चालतो तो. बॅटरी हवीय."

त्याने आतून दोन खोकी आणली. एक बॅटरी मोठी, दुसऱ्याच कुठल्या कंपनीची. लावली तर कॅमेऱ्याच्या पाठीतून कुबडासारखी बाहेर येणारी. दुसरी लहान, मूळ कंपनीची, खोक्याचा रंग उडालेला.

"मोठी बराच वेळ चालेल," तो म्हणाला. "पण काही कॅमेरे परक्या बॅटरीला दारातूनच परत पाठवतात. आत एक चिप असते, ती ओळख विचारते. ही लहान ओळखीची आहे, पण किती वर्षं पडून आहे बघा, ही तारीख. भरली की पूर्ण भरली असं दाखवेल आणि बघता बघता उतरेल."

"तुमच्या बहिणीला यातली कुठली दिली असती?"

"बहिणीला मोबाईलवर काढ म्हणालो असतो." तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "काम काय आहे?"

"वडिलांचं बोलणं घ्यायचंय. गुरुवारी त्यांचं घशाचं ऑपरेशन आहे. त्यानंतर नाही घेता येणार."

त्याने मोठी बॅटरी कॅमेऱ्याला लावून बघितली. पडदा उजळला, ओळख पटली. "दोन्ही घेऊन जा," तो म्हणाला. "पुन्हा करता येणार नाही अशा कामाला एकीच्या भरवशावर राहू नका. मोठी माझ्याकडे एवढी एकच आहे. आणि असली बॅटरी पार रिकामी कधी करायची नाही. अर्धी राहिली तर राहू दे. एकदा तळाला गेली की चार्ज घेत नाही, मग काही करा."

तिने ऐकलं, मान हलवली, दोन्ही पिशवीत टाकल्या. घरी हे सांगायला हवं, असं तिच्या मनातही आलं नाही. चार्जिंग आपणच करणार, यात सांगण्यासारखं काय, असं ती धरून चालली.

दोन दिवस तिने लहान बॅटरीवर सराव केला. दुकानदार म्हणाला तसंच होत होतं. पडद्यावरच्या चार रेषा भराभर उतरायच्या, शेवटची उरली की ती बॅटरी चार्जरला लावायची. म्हणून ठरलं की शूटिंग मोठीवर, लहान जादा म्हणून हाताशी. बुधवारी सकाळी तिने मोठी भरून चार्जरवरच ठेवली, लहान भरून कॅमेऱ्यात घातली आणि शाळेत गेली. दुपारी रजा होती. संध्याकाळी दवाखान्यात न्यायला मावसभाऊ गाडी घेऊन येणार होता.

ती घरात शिरली तेव्हा वडिलांच्या खोलीत एक बल्ब जळत होता. गाडीच्या दिव्याचा जुना बल्ब, लाकडी पेटीत बसवलेला, दोन वायरी बाहेर. ही पेटी तिने लहानपणी रोज पाहिली होती. शूटिंगवरून आलेल्या बॅटऱ्या वडील तिला लावत. बल्ब आधी पांढरा, मग पिवळा, मग तांबूस होत विझायचा, आणि विझला की मगच बॅटरी चार्जिंगला. अर्धवट रिकाम्या बॅटरीवर पुन्हा चार्जिंग केलं की ती आळशी होते, हा त्या काळच्या बॅटऱ्यांचा स्वभाव होता. विझायच्या आधी फुंकर मारायची परवानगी लहान मुलीला असे, आणि आपणच दिवा विझवला असं तिला वाटायचं.

आता वायरींच्या दुसऱ्या टोकाला मोठी बॅटरी होती आणि बल्ब तांबूस झाला होता.

"सकाळपासून माळ्यावर चढून बसले होते," आई दारातून म्हणाली. "औषधाला उठा म्हटलं तर गुडघे दुखतात. ह्याला बरे चढले."

वडिलांनी मान वर केली. चेहऱ्यावर धूळ होती आणि कित्येक आठवड्यांत न दिसलेली तरतरी. "नवी आहे ना," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पहिल्यांदा पूर्ण उतरवून भरली की हिची ताकद खुलते. दुपारभर भरेल. बस, काळजी करू नकोस."

ती वायर ओढायला पुढे झाली. बल्ब विझला.

तिने बॅटरी चार्जरला लावली. चार्जरचा दिवा स्थिर लागायला हवा होता, तो उघडझाप करत राहिला. वडिलांनी बॅटरी काढली, टोकं शर्टाला पुसली, पुन्हा लावली. उघडझाप. मग तिने दुकानदाराचं म्हणणं सांगितलं, शक्य तितक्या सरळ शब्दांत. वडील ऐकत होते. बोटं बॅटरीवर तशीच होती.

"म्हणजे आधीच्याही मीच मारल्या," ते म्हणाले. "आणि इतकी वर्षं कंपनीला शिव्या दिल्या."

"मी सांगायला हवं होतं, बाबा."

"तू काय सांगणार? धंदा माझा."

आईने पेटी उचलून पलंगाखाली सारली. "लहान आहे ना अजून? मग बोलण्यात वेळ घालवू नका. गाडी येईल."

कॅमेरा स्टँडवर बसवायची पट्टी माळ्यावर सापडली नव्हती, म्हणून मुलीने तो हातातच धरला. खुर्ची वडिलांनी स्वतः ठेवली, खिडकीपासून थोडी तिरकी, एका गालावर उजेड येईल अशी. आईला शेजारी स्टुलावर बसवलं. मग स्वतः खुर्चीत बसले, केसांवरून हात फिरवला. मुलीने बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या तोंडावरचा लाल दिवा लागला. पडद्यावर चार रेषा होत्या.

वडील लेन्सकडे बघत राहिले. ओठ उघडले, मिटले. मग त्यांचा उजवा हात वर आला आणि बोट हवेत गोल फिरलं. चालू ठेव.

एक रेष गेली.

"अहो, बोला की," आई म्हणाली. "हातवारे काय करताय? पुढे तेच तर करायचंय."

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. तिने तोंडावर हात धरला आणि खिडकीकडे बघायला लागली. मुलीला पडद्यावर दोघं धूसर दिसायला लागली आणि कॅमेरा हातात डगमगला.

वडिलांच्या कपाळावर आठी पडली.

"खाली येतोय," ते म्हणाले. "कॅमेरा खाली येतोय तुझा. कोपर अंगाला टेकव. दोन्ही. हं. पाय एकमेकांना चिकटवून काय उभी राहिलीस, फोटो काढून घ्यायला आलीयस का? अंतर ठेव पायांत. भिंगरी, हलू नकोस. समोर उभी केली तरी हलायचीस, आता कॅमेरा हातात दिला तरी तेच."

दुसरी रेष गेली.

"डोक्यावर जागा सोड थोडी. एवढी नाही. माझं टक्कल दाखवायचंय का लोकांना? आता हळूच आईवर ये. झटका नको. ह्या बाईने कधी धड चेहरा दिला नाही मला. कायम हात आडवा."

आईने हात खाली घेतला. रडवेल्या चेहऱ्याने ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली, आणि तिने हात पुन्हा वर नेला नाही.

"बघ. आली की नाही छान? धर. तशीच धर. माणूस गप्प झाला की नवशिका लगेच बंद करतो. करायचं नाही. थोडा वेळ धरून ठेवायचं, कारण—"

पडदा काळा झाला.

मुलीने कॅमेरा खाली घेतला नाही. कोपरं अंगाला टेकलेली, पायांत अंतर, डोळे मेलेल्या पडद्यावर लागलेले. तिला वाटलं, आपण हललो तर ते थांबतील.

वडील थांबले नाहीत. ते अर्धवट राहिलेलं कारण त्यांनी सांगितलं. मग पहिला कॅमेरा भाड्याने घेतला तेव्हाची गोष्ट सांगितली, एका लग्नात टेप घालायची राहून गेली आणि नवऱ्या मुलाला मांडवात पुन्हा यायला लावलं ती सांगितली, आणि मुलीच्या जन्माच्या दिवशी आपण दुसऱ्याच्या बारशाचं शूटिंग करत होतो, हे आईला पहिल्यांदाच सांगितलं. आई म्हणाली, "मला माहीत होतं." आवाज मधेच चिरकत होता. ते घोटभर पाणी पीत आणि पुढे बोलत.

सगळा वेळ ते लेन्सकडेच बघत होते. लेन्सच्या शेजारचा लाल दिवा विझलेला होता, आणि तो लागला आहे की नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. वडिलांनी वाक्य पुरं केलं. मग हात वर केला आणि मूठ मिटली.

मुलीने विझलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.