आईला कोण विचारतं?

सोयाबीनची सोंगणी सुरू होती, म्हणून अमरच्या बापाला शेत सोडून येता आलं नाही. जुलाबानं गळून गेलेल्या सव्वा वर्षाच्या अमरला घेऊन आजोबा, आजी आणि आई दवाखान्यात आले. घाटंजीकडचं खाऊनपिऊन सुखी शेतकरी घर. डॉक्टर-सिस्टरशी बोलायचं ते आजोबांनी, म्हणजे बापूजींनी. अमरच्या आईनं, उर्वशीनं, पदर सांभाळत मुलाला मांडीवर घेऊन बसायचं. सासऱ्यापुढं सुनेनं परक्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. असल्या रीती सांभाळताना आपल्याकडे कुणी थकत नाही.

साधना सिस्टर मात्र थकल्या होत्या. वॉर्ड भरलेला, मदतीला कुणी नाही. तरी अमरच्या हाताला सलाईनची सुई लावून त्यांनी वर पारदर्शक पट्टी लावली, जागा दिसत राहावी म्हणून. लहान मुलांची शीर नाजूक. सुई सरकली तर सलाईन शिरेबाहेर मांसात उतरतं, हात सुजतो, वेळीच थांबवलं नाही तर कातडी मरते. म्हणून जागा उघडी ठेवायची, सारखी बघायची. बापूजींना त्यांनी हे समजावून सांगितलं. बापूजींनी मान डोलावली आणि त्या वळताच नातवाच्या हाताला आपल्या खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळला. पोरगं सुई ओढेल, शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागेल.

दुपारी उर्वशीच्या लक्षात आलं की हात जरा हलला तरी अमर कळवळतो. दुपट्ट्याखाली बोटं घातली तर हात गार आणि टणक लागला. तिनं सासूच्या, बेबीताईंच्या कानात सांगितलं, सासूनं बापूजींना. बापूजी म्हणाले, थेंब पडताहेत, सलाईन चालू आहे, आणि पोरं रडतातच.

सिस्टर फेरीवर आल्या. हात कसा आहे, असं त्यांनी विचारलं. सगळं बरं आहे, असं बापूजींनी सांगितलं. दुपट्टा सोडून बघावा असं सिस्टरांच्या मनात आलं, तेवढ्यात पलीकडून हाक आली आणि त्या वळल्या.

बोललं तर घरी काय ऐकावं लागेल, हे उर्वशीला पाठ होतं. अमर आता रडतही नव्हता, नुसता कण्हत होता.

"सिस्टर, बरं नाही हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पोराचा हात सुजून राह्यला. तुमी पयले इकडं या."

बेबीताईंनी तिचा दंड घट्ट धरला. सिस्टरांनी येऊन दुपट्टा सोडला. हात कोपरापर्यंत फुगला होता, मनगटाजवळची कातडी पांढरी पडून वर फोड आला होता. त्यांनी सलाईन बंद केलं, डॉक्टरांना बोलावलं, सुई काढून हात उंच ठेवला. हात वाचेल, पण व्रण राहील, असं डॉक्टर म्हणाले.

सुनेनं चारचौघांत इज्जत घालवली, असं बापूजी पुटपुटले.

"अजून उशीर झाला असता तर पोराचा हात गेला असता, बापूजी," सिस्टर म्हणाल्या. "आता मी हिलेच विचारीन." त्यांना स्वतःचाही राग आला होता. त्यांनीही चुकीच्याच माणसाला विचारलं होतं.

बापूजी बाहेर जाऊन बसले. घरी उर्वशीपुढं काय वाढून ठेवलंय कोण जाणे. बोललेल्या सुनेला शाबासकी देणारी घरं फार नाहीत.

सिस्टर शेजारच्या खाटेशी गेल्या. त्यांनी विचारायच्या आधीच तिथल्या मुलीचा काका सांगू लागला, सगळं ठीक आहे. त्याच्यामागं, भिंतीला टेकून, मुलीची आई गप्प उभी होती.

"दादा, तुमी जरा सरका," साधना सिस्टर म्हणाल्या. "बाई, तू सांग."