सातवी सीट

गीतांजलीला गाड्यांचा शौक नव्हता. कोणती गाडी किती सेकंदात किती पळते, कोणत्या गाडीला छताची काच उघडते, यातलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. घरात सात माणसं होती. ती सात माणसं एका वेळी बसतील अशी गाडी घ्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

सात म्हणजे ती आणि रोहित, त्यांची शिवम आणि आचल ही दोन मुलं, सासरे नत्थुजी, सासू माणिकबाई आणि नत्थुजींची थोरली बहीण इंदूबाई. चांदूर रेल्वेला त्यांचा भाजीपाल्याचा आणि फुलांचा मळा होता. रोहित माल घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचा, गीतांजली अमरावतीलाच शाळेत शिकवायची. दारात पाच माणसांची गाडी होती. मुलं लहान होती तोवर त्यांना मांडीवर घेऊन भागत होतं. आता शिवमचे गुडघे पुढच्या सीटला लागत होते.

कुठे निघायचं ठरलं की इंदूबाई आपणहून म्हणायच्या, "मी रायतो घरी. फुलायले पानी द्या लागते." मग कोणी फार आग्रह करत नसे. इंदूबाईंना तरुणपणीच वैधव्य आलं आणि त्या भावाकडे परतल्या. माणिकबाई मळ्यात राबत असताना रोहितला आणि त्याच्या बहिणीला, आरतीला, त्यांनीच वाढवलं होतं. त्याच आरतीचं अकोल्याला डोहाळजेवण झालं तेव्हाही त्या घरीच राहिल्या. त्या दिवशी गाडीच्या मागच्या काचेतून गीतांजलीला त्या फाटकाशी उभ्या दिसल्या होत्या, इस्त्रीचं पातळ नेसून. पाणी द्यायला कोणी इस्त्रीचं पातळ नेसत नाही. त्याच आठवड्यात तिने तीन रांगांच्या गाडीचा विषय काढला आणि कर्ज आपल्या पगारावर घेते म्हणाली.

तिथून पुढे विषय तिच्या हातात राहिला नाही.

नत्थुजींना 'टस्कर' हवी होती. "चांदुरात पाय, ज्याच्या त्याच्या दारात टस्कर उभी हाय. सारे लोक येडे हायेत काय?" रोहितला 'कामिना' पसंत होती. त्याचा मित्र शेखर कामिना वापरत होता आणि ती रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती. रोहित जेवताना मोबाइल तांब्याला टेकवून गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. एक माणूस टस्करला डोक्यावर घ्यायचा, तर दुसरा तिचा क्लच लवकर जातो म्हणायचा. दोघांचं ऐकून झालं की रोहित पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

अमरावतीच्या शोरूममध्ये वेगळीच तऱ्हा. कामिनाला मोठी रांग होती. टस्करला तिच्याहून मोठी. 'झेनारो' नावाची तिसरी गाडी मात्र आज पैसे भरा, उद्या न्या अशी उभी होती. तिचं सर्व्हिस सेंटर नागपूरला होतं. "ऑइल बदलायले नागपूरले जाऊ काय?" असं म्हणून नत्थुजींनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

शेवटी त्यांच्याच हट्टाने टस्कर बुक झाली. दिवाळीला मिळेल म्हणाले, दिवाळी गेली. संक्रांतीचा वायदा झाला, संक्रांतही गेली. दरम्यान आरतीला मुलगा झाला. गीतांजली मधल्या सुट्टीत शोरूमला फोन लावायची. दर वेळी नवा आवाज तिचं नाव विचारायचा, थांबायला सांगायचा, आणि थांबता थांबता शाळेची घंटा व्हायची. वर्गात शिरताना तिचा चेहरा असा व्हायचा की पोरं आपोआप गप्प बसत.

बारशाला थोडे दिवस उरले असताना अकोल्याच्या शोरूममधून रोहितला फोन आला; तिथेही त्याने नाव देऊन ठेवलं होतं. एका गिऱ्हाइकाने बुकिंग सोडलं होतं, टस्कर तयार उभी होती. नत्थुजींनी लगेच पांढरा सदरा काढला. मुलं शाळेत होती म्हणून गाडीत जागा होती. गीतांजली इंदूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, आज तुमी चलाच." त्या बघता बघता तयार झाल्या.

शोरूममध्ये गाडीला फुलांची माळ घातली होती. नत्थुजी तिच्याभोवती एक फेरी मारून आले, बॉनेटवर हात फिरवला. रोहित स्टिअरिंगवर जाऊन बसला. गीतांजलीने मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. मधल्या रांगेत सलग बाक नव्हता, दोन सुट्या खुर्च्या होत्या. त्यांच्यामागे दोघांपुरती जागा.

"भाऊ, ही तर सहा सीटची आहे," ती सेल्समनला म्हणाली.

"हो मॅडम. टॉप मॉडेल. सध्या याचीच चलती आहे."

"आमी सात सीटची बुक केली होती."

"सातवालीला अजून पाच-सहा महिने धरा. ही आज मिळते."

तिने रोहितकडे पाहिलं. फोनवर त्याने विचारलंच नव्हतं. तो नजर चुकवून आरसा नीट करत राहिला.

"सहा त सहा," नत्थुजी म्हणाले. "रोज का सारेच जातेत? एखादं मानूस घरी रायतेच."

"कोणतं माणूस, बाबा?"

रोहित खाली उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, "गीता, लोकायसमोर नको. आत्याले तसाबी प्रवास आवडत नाई, तुले माईत हाय ना."

"कोन म्हनलं?"

इंदूबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तरी सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मले आवडत नाई असं कोन म्हनलं तुले, रोहित?"

"आत्या, तूच म्हनतं ना दरवेळी..."

"मी रायतो म्हनतो. कोनाले त राहाच लागते, म्हनून म्हनतो. तुमी कोनी 'नाई, तू चाल' म्हनत नाई. आरतीच्या डोहाळजेवनाले मले यायचं होतं. तिले मी अंगाखांद्यावर खेळवलं. इचारलं काय कोनी?"

माणिकबाई पदराशी चाळा करत राहिल्या. सेल्समन पाणी आणतो म्हणून निघून गेला. नत्थुजी बहिणीकडे न बघता म्हणाले, "बाई, घरचं घरी बोलू."

"घरी मी एकलीच असतो, नत्थू," इंदूबाई म्हणाल्या.

इतके महिने गीतांजली भांडत होती तेही इंदूबाईंना न विचारताच, हे तिच्या ध्यानात आलं. सेल्समन पाण्याबरोबर कागद घेऊन आला, तेव्हा तिने पाणी घेतलं आणि कागद परत केले. कर्ज तिच्या नावावर होतं, सही तिची लागणार होती, ती तिने केली नाही.

"लोक हासतीन आपल्याले," नत्थुजी म्हणाले. "फोन करून करून सांगतलं मी सर्व्यायले."

"हासू द्या," ती म्हणाली.

आरती जुन्या शहरात ओवाळणीचं ताट तयार ठेवून वाट बघत होती, त्यामुळे तिच्याकडे जाणं भाग होतं. मोर्णेचा पूल ओलांडून ते जुन्याच गाडीने गेले. जावईबापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरंच झालं. थे गाडी आमच्या गल्लीत शिरलीच नसती." नत्थुजींनी चहा अर्धा सोडला. इंदूबाई आतल्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांना उठवायला कोणी गेलं नाही. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरजवळ रोहितने गाणी लावली, नत्थुजींनी ती बंद केली.

दुसऱ्या दिवशी गीतांजलीने टस्करचं बुकिंग रद्द केलं आणि सात सीटची कामिना बुक केली. त्यासाठीही तिला दोनदा शोरूमला जावं लागलं, कारण पहिल्या दिवशी सही करणारा साहेब लग्नाला गेला होता. नत्थुजी तिच्याशी बोलायचे बंद झाले. काही हवं असलं की आचलला सांगायचे, "तुह्या मायले म्हन, चहा टाक."

बारशाच्या आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आत्याबाई गाडीत बसतील. आई बसतील. बाकी तुमी ठरवा." आई, आत्या, दोन मुलं आणि गीतांजली मिळून गाडी भरली, म्हणजे गाडी तीच चालवणार आणि आपण बाबांबरोबर रेल्वेने जाणार, हे रोहितला उमगायला वेळ लागला.

नत्थुजी आणि रोहित सकाळी चांदूर स्टेशनवरून रेल्वेने निघाले. गाडी बडनेऱ्याला बराच वेळ अडकली. नत्थुजी अकोल्याला पोचले तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या वाटणं चाललं होतं. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. व्याह्यांनी विचारलं, "नवी गाडी घेऊन नाही आले?"

"येऊन रायली," नत्थुजी म्हणाले. "सात सीटवाली सांगतली. साताची लवकर भेटत नाई." इतक्या दिवसांत त्यांनी सातचा आकडा पहिल्यांदाच उच्चारला होता. गीतांजलीने ऐकलं, पण तिला हसू आलं नाही. दिवसभराचा थकवा होता आणि परत त्याच वाटेने गाडी चालवायची होती.

कामिना अजून आलेली नाही. शोरूमवाले आता रंगाचं कारण सांगतात, कोणताही रंग चालेल म्हटलं की कारखान्याचं. कुठे जायचं झालं की घरातली दोन माणसं एसटीने किंवा रेल्वेने जातात, आणि त्यांच्यात इंदूबाई नसतात. मागच्या रविवारी पाळी नत्थुजी आणि शिवमची होती. एसटीत नत्थुजींनी शेजारच्या माणसाला रस्ताभर सांगितलं, की आजकालच्या गाड्यांचा काही भरवसा नाही, शोरूमवाल्यांचा तर अजिबात नाही, आणि सून ऐकत नाही. शिवमने ते घरी येऊन जसंच्या तसं आईला सांगितलं.

"शेवटचं खरं आहे," गीतांजली म्हणाली, आणि शोरूमचा नंबर लावला.