चौथ्या वर्षाचा चाकू

सगळे त्याला भिंग म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम तो सत्तावीस वर्षं करत होता, आणि डोळ्याला लावायचं भिंग त्याच्या गळ्यात दोरीने कायम लोंबत असायचं, अगदी जेवतानासुद्धा. लग्नाच्या फोटोत ते दिसत नाही हेच माझं नशीब, असं त्याची बायको म्हणायची.

या माणसाला वेड होतं चाकूंचं. स्वयंपाकघरातल्या नव्हे, सैन्यातल्या जुन्या घडीच्या चाकूंचं. सैनिकाच्या खिशात असायचा तो चाकू: एक रुंद पातं, एक डबे फोडायचं हत्यार आणि पाठीला दोराच्या गाठी सोडवायचा जाड सुळा. एका कारखान्याने हा चाकू सैन्यासाठी बरोबर नऊ वर्षं बनवला होता. नऊ वर्षांचे चाकू दिसायला अगदी एकसारखे. फरक काय तो पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून ठोकलेल्या वर्षाच्या आकड्याचा, आणि तो आकडा वाचायलाही भिंग लागायचं. चौथ्या वर्षी कारखान्यात संप झाला, जेमतेम दोन महिने काम चाललं, त्यामुळे चौथ्या वर्षाचा चाकू औषधालाही सापडत नव्हता. भिंगाकडे बाकीचे आठ होते. नववा तो अकरा वर्षं शोधत होता.

आता आठ चाकू असले काय नि नऊ असले काय, असं शहाण्या माणसाला वाटेल. पण भिंगाची गोष्ट वेगळी होती. त्याने जन्मात काही पुरं केलं नव्हतं. पत्राने शिकायचा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षाला सोडला. जिन्याला कठडा बसवायला घेतला तो सातव्या पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. वर जाणारे पाहुणे आठव्या पायरीपासून भिंत धरायचे. बायको काही फार बोलायची नाही, पण जिना चढताना सातव्या पायरीवर एक सुस्कारा सोडायची, आणि तो सुस्कारा भिंगाला खालच्या खोलीत ऐकू यायचा. निदान हे नऊ चाकू तरी पुरे व्हावेत, कुणीतरी बघून म्हणावं की या माणसाने एक गोष्ट तडीस नेली, एवढीच त्याची इच्छा होती.

चाकू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत सातआठ जण जमायचे. मंडळाचा म्होरक्या मेजर. हा मेजर सैन्यात कधीच नव्हता. चपलांच्या दुकानात तीस वर्षं लोकांच्या पायांची मापं घेऊन निवृत्त झाला होता. पण बोलणं असं की समोरचा आपोआप ताठ बसे. त्याने प्रत्येक नव्या सभासदाला पहिला धडा एकच दिलेला: मालकासमोर वस्तूचं कौतुक करायचं नाही.

"कौतुक केलंस की मेलास, भिंगा," मेजर म्हणायचा. "वस्तू हातात घ्यायची, चेहरा पाडायचा, आणि नावं ठेवायची. गंज आहे, चीर आहे, पातं झिजलंय. मालकाला वाटलं पाहिजे की तूच त्याच्यावर उपकार करतोयस."

मंडळातल्या लोकांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांना दुसरं काही बोलताच येईना. भिंग मेहुणीच्या नातवाला बघायला गेला तेव्हा बाळ हातात घेऊन, चेहरा पाडून, "कान जरा मोठे आहेत" असं बोलून बसला. पुढचे चार महिने मेहुणी त्याच्याशी बोलत नव्हती.

तर एका गुरुवारी दुपारी दुकानात एक म्हातारी आली. चष्म्याची दांडी निखळलेली. काउंटरवरची मुलगी जेवायला गेली होती म्हणून भिंग स्वतः बाहेर आला.

"स्क्रू सारखा ढिला होतो हो," म्हातारी म्हणाली. "मी आपली घरच्या घरी पिळते, पण आता तो पिळलाच जात नाही."

"कशाने पिळता?"

"याने." तिने पिशवीत हात घातला आणि काउंटरवर एक घडीचा चाकू ठेवला.

भिंगाने भिंग डोळ्याला लावलं. पातं उघडलं. बुडाशी काळपट गंजाखाली कारखान्याचा शिक्का होता आणि त्याखाली, जरा तिरका ठोकलेला, चौथ्या वर्षाचा आकडा. त्याच्या छातीत असं धडधडायला लागलं की म्हातारीला ऐकू जाईल अशी त्याला भीती वाटली. अकरा वर्षं बाजार पालथे घातले, परगावी खेटे घातले, आणि हा इथे त्याच्याच दुकानात चालत आला होता, चष्म्याचे स्क्रू पिळत!

इथे कुणाही माणसाने उडी मारली असती. भिंगाने चेहरा पाडला.

"गंजलाय की हो पार," तो म्हणाला. "मूठ पण तडकलीय. याला काही अर्थ राहिला नाही आता."

म्हातारीने चाकू हळूच आपल्याकडे ओढला. "आमच्या यांचा आहे. सैन्यात गाड्या दुरुस्त करायचे. जाऊन सहा वर्षं झाली."

"तसं नाही, मावशी. वाईट नाही, पण असल्या चाकूंना कोणी विचारत नाही. मला आपले सुटे भाग लागतात, म्हणून म्हटलं. द्यायचा असला तर सांगा. थोडंफार देईन मी."

"सुटे भाग?" म्हातारी म्हणाली. तिने चाकूकडे असं पाहिलं, जसं शाळेतून नापास होऊन आलेल्या पोराकडे आई पाहते. "बघते. शनिवारी घरी या."

चाकूचा फोटो काढायची भिंगाला इतकी हुक्की आली होती की बोटं शिवशिवत होती. पण फोटो काढला तर म्हातारी सावध होईल. तो मूग गिळून बसला आणि फुकटात स्क्रू बदलून दिला.

शनिवारी तो गेला. दोन खोल्यांचं घर, दाराशी चपला ओळीत, भिंतीवर एका जाड मिश्यांच्या माणसाचा फोटो. चाकू टेबलावरच होता. म्हातारीने चहा ठेवला आणि म्हणाली, "खिडकीची कडी लागत नाही, जरा बघता का?" भिंगाने कडी लावली. मग रेडिओची तार बसवली. मग माळ्यावरची पेटी खाली काढली, आणि ती नव्हे, दुसरी हवी होती म्हणून पुन्हा वर ठेवली. दोन तासांनी त्याने विषय काढला.

"हो, हो," म्हातारी म्हणाली. "तेवढं जरा थांबा. पुढच्या शनिवारी."

"मावशी, त्यात थांबायचं काय? गंजका चाकू तो. दिवसेंदिवस खराबच होणार."

"तेच तर," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या शनिवारी दाराला कुलूप. भिंग पायरीवर सव्वा तास बसला. शेजारीण दोनदा डोकावून गेली आणि तिसऱ्यांदा दार जरा जोरातच लावून घेतलं. तिसऱ्या शनिवारी म्हातारी घरात होती, आणि चाकूच्या टोकाने शेगडीवरची करपट खरवडत होती. ओरडावं, हिसकावून घ्यावा, पळत सुटावं, असं सगळं भिंगाला एकदम वाटलं. त्याऐवजी तो म्हणाला, "चालतो का अजून? मला वाटलं मोडला असेल एव्हाना."

"इतका वाईट आहे का हो?" म्हातारीने विचारलं.

"वाईट म्हणजे, आहे तो असा आहे. पातं काळं पडलंय बघा. लोकांना दाखवायच्या लायकीचा नाही."

मग म्हातारीने त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं, वीज मंडळाला, मीटर जोरात पळतो म्हणून.

घरी येताना भिंगाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. म्हातारी मुरलेली आहे, त्याने ठरवून टाकलं. तिला कळलंय. ती भाव वाढवतेय, आपल्याला नाचवतेय, आणि आपण कड्या लावत, पत्रं लिहीत नाचतोय.

"दिला नाही अजून?" बायकोने विचारलं.

"देईल."

"अहो, मग सरळ सांगा ना तिला, की मला फार हवाय म्हणून."

"तुला यातलं काही कळत नाही," भिंग खेकसला. बायको जिना चढून गेली. सातव्या पायरीवरचा सुस्कारा या वेळी जरा लांबला.

रविवारी मंडळात मेजरने मात्र धीर दिला. "टिकून राहा. पुढच्या खेपेला अजून नावं ठेव. बोल की आता मला नकोच आहे."

चौथ्या शनिवारी भिंग ते बोलला. दारातच, चपला न काढता. "मावशी, राहू द्या तो चाकू. असला गंजका चाकू घेऊन मी तरी काय करू? मला लाज वाटेल कोणाला दाखवायला."

म्हातारीचा चेहरा एवढासा झाला. भिंगाला स्वतःचीच किळस आली, पण तो उभा राहिला. धडा म्हणजे धडा. ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी नक्की या. मी दिला असं समजा. पैसे नकोत मला, तेवढं सारखं ते थोडंफार थोडंफार करू नका."

तो आठवडा भिंगाने कसा काढला ते त्याच्या गिऱ्हाइकांना विचारा. दोघांना उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवून दिली. बुधवारी रात्री त्याने जिन्याच्या कठड्यासाठी लाकूडसुद्धा मोजलं, इतका तो आनंदात होता.

शनिवारी म्हातारीने दार उघडलं ते हसतच. टेबलावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरला होता आणि त्यावर घडी करून दुसरा रुमाल.

"उघडा," ती म्हणाली.

भिंगाने रुमाल उघडला. आतला चाकू आरशासारखा चकाकत होता. पातं लखलखीत, सुळा लखलखीत, मुठीवरच्या तडकलेल्या पट्ट्या जाऊन नव्या कोऱ्या तांबड्या पट्ट्या आलेल्या. त्याने भिंग डोळ्याला लावलं. कोपर टेबलावर टेकवलं. पात्याचं बूड दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झालं होतं. शिक्का नाही. आकडा नाही. त्याने चाकू उजेडाकडे तिरका धरला, मग उलटा तिरका धरला, मग नखाने चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. आता तो चाकू कुठल्याही वर्षाचा होता, म्हणजे कुठल्याच वर्षाचा नव्हता.

"धारवाला आमच्या गल्लीत महिन्यातून एकदाच येतो," म्हातारी सांगत होती. "मागच्या वेळी चुकला, त्याची वाट बघत दुसऱ्या गल्लीत जाऊन बसले, तुम्ही आला होतात तेव्हा. म्हणून तर तुम्हाला सारखं थांबा म्हणत होते. काल आला एकदाचा. त्याला म्हटलं, कणभर गंज राहता कामा नये. बिचारा तासभर चाकावर धरून बसला होता. म्हणाला, बुडाशी काहीतरी खरवडल्यासारखं आहे. म्हटलं, तेही काढ."

काल! काल दुपारपर्यंत तो आकडा जागेवर होता. भिंग इथून दहा मिनिटांवर काचा घासत बसला होता. त्याला धारवाल्याचा राग आला, मेजरचा आला, म्हातारीचा तर असा आला की तो रुमाल टरकावून टाकावा. मग त्याने मान वर केली. म्हातारी दोन्ही हात पदरात धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. चष्म्याचा स्क्रू पुन्हा ढिला झाला असावा; दांडी एका बाजूला उतरली होती, आणि तरी ती तशीच बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशी.

राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. तो खुर्चीत बसला.

"मावशी," तो म्हणाला, "हा चाकू मी अकरा वर्षं शोधत होतो. माझ्याकडे याच्या जोडीचे आठ आहेत. रात्री झोपताना मला हाच दिसायचा. पहिल्या दिवशी तुम्ही तो काउंटरवर ठेवलात ना, तेव्हा छाती अशी धडधडत होती की तुम्हाला ऐकू जाईल असं वाटलं. इतका चांगला चाकू मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

म्हातारी समोर बसली. "अहो, मग हे त्याच दिवशी का नाही बोललात? तिथेच देऊन आले असते. मला काय करायचाय तो? स्क्रू पिळायला सुरीसुद्धा चालते."

मेजरचा धडा या बाईला सांगायची भिंगाला लाज वाटली.

"मला वाटलं, तुम्हाला तो आवडलेलाच नाही," म्हातारी म्हणाली. "दर वेळी नावं ठेवायचात. गंजलाय म्हणे, काळा पडलाय म्हणे, लाज वाटेल म्हणे. तुम्ही गेलात की मी यांच्या फोटोकडे बघायचीसुद्धा नाही. यांची वस्तू कुणी नाक मुरडून न्यावी, हे मला बरं वाटेना. म्हटलं, देईन तर असा करून देईन की या माणसाच्या तोंडून एकदा तरी चांगला शब्द निघेल." तिने उतरलेली दांडी बोटाने वर सारली. "निघाला की नाही?"

"निघाला," भिंग म्हणाला.