तासाभरात उत्तर

स्काल्विग नगरपालिकेच्या फेसबुक पानावर कुणीही काहीही विचारलं की तासाभरात उत्तर जायचं. नावानं, एकेरीत हाक, दोन गोड शब्द आणि खाली उत्तर देणाऱ्याचं पहिलं नाव. हा नियम माहिती खात्याच्या त्रोल्सचा. त्यावर भाषण द्यायला त्याला दुसऱ्या नगरपालिका बोलवायच्या.

मंगळवारी सकाळी विगो बुंगोर नावाच्या म्हाताऱ्यानं तिथे लिहिलं: "शनिवारी आमच्या लग्नाला साठ वर्षं होतात. सकाळी शेजारी दारात गायला येतील. माझ्या बायकोला तीन आठवडे आंघोळ नाही. पालिकेची मदतनीस दर गुरुवारी यायची, ती येत नाही. फोन कुणी उचलत नाही. शनिवारच्या आत कुणाला तरी पाठवा."

पान सांभाळणाऱ्या सोल्वायनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आंघोळ म्हणजे आरोग्याची माहिती," त्रोल्स म्हणाला. "पानावर ठेवता येत नाही. लपव."

"सगळंच?"

"त्याचं लपव आणि तू नवीन लिही. अगं, साठ वर्षं! गेला महिना आपण कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारींवर काढलाय."

"आणि आंघोळ?"

"त्याचा अर्ज असतो. तू काय आंघोळ खातं आहेस?"

ती हसली. अडतिसाव्या मिनिटाला विगोला उत्तर गेलं: "प्रिय विगो, मनापासून अभिनंदन! आंघोळीसाठी सोबतचा अर्ज भर. सोल्वाय." दुपारी पानावर नवा मजकूर आला: शनिवारी सात वाजता विगो आणि एबाच्या दारात सगळ्यांनी गायला या, नगराध्यक्षबाईही येणार आहेत. संध्याकाळपर्यंत दोन हजार लोकांनी त्यावर बदाम टाकले.

विगोनं अर्ज भरला. लगेच पोच आली: चौदा दिवसांत निर्णय कळवू.

गुरुवारी तो खिडकीत बसून राहिला. कुणी आलं नाही.

शुक्रवारी शेजाऱ्यांनी दाराभोवती हिरव्या स्प्रूस झाडाच्या फांद्यांची कमान ठोकली. आमच्याकडे अशी कमान लागली की सकाळी जोडप्यानं दारात यायचं, गाणी ऐकायची आणि सगळ्यांना आत बोलावून पाव आणि स्नॅप्स दारूचा घोट द्यायचा. दार न उघडणं कुणाला ठाऊकच नाही.

"काढायला सांग ते," एबा आतून म्हणाली. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिची डावी बाजू निकामी होती.

"एबा, लोक प्रेमानं..."

"मला वास येतोय. तुझं नाक केव्हाच मेलंय, त्यांची जिवंत आहेत."

"मी घालतो आंघोळ."

"तू? तुला स्वतःचे मोजे चढवता येत नाहीत."

"पूर्वी बोटीवर चढवत होतो ना तुला, उचलून?"

"तेव्हा मी पन्नास किलोची होते, गाढवा."

पण ती नाही म्हणाली नाही.

शनिवारी सहा वाजता त्यानं तिला न्हाणीतल्या स्टुलावर बसवलं. केस धुतले, पाठ धुतली. "मान," ती म्हणाली, "मानेला नीट लाव." सातला दहा कमी असताना तो टॉवेल घ्यायला वळला आणि स्टूल सरकलं. तिचं डोकं फरशीवर आपटलं.

त्यानं रुग्णवाहिका बोलावली. ती वीस मिनिटांवर होती. सात वाजता बाहेर गाणं सुरू झालं. मदतीला कुणीतरी हवं म्हणून त्यानं दार उघडलं.

कमानीखाली ओलाचिंब म्हातारा पाहून शंभरेक लोक हसले, टाळ्या पडल्या. नगराध्यक्षबाईंनी त्याच्या हातात फुलं दिली.

"पडलीय ती," विगो म्हणाला. "आत पडलीय."

पुढच्यांचं गाणं थांबलं. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते कडवं संपेपर्यंत गात राहिले.

सोमवारी सोल्वायनं पानावर शनिवारची चित्रफीत टाकली: कमान, ओला सदरा, फुलं. तिथेच कापलेली.

"पडलेली बाई?" तिनं आधी विचारलं होतं.

"आरोग्याची माहिती," त्रोल्स म्हणाला.

पालिकेच्या पानावरचं काहीही आजवर इतक्या लोकांनी पाहिलं नव्हतं. दुपारी खाली विगोनं लिहिलं: "इस्पितळात नर्सनी काल तिला पुन्हा आंघोळ घातली. मानेला नीट लावलं, मी बघत होतो. मग चेहऱ्यावरून चादर ओढली."

सोल्वायनं ते दोनदा वाचलं, लपवलं आणि घड्याळ पाहिलं.

"प्रिय विगो," तिनं लिहिलं, "कळवल्याबद्दल आभार!"

अकरा मिनिटं लागली होती.