एका वेळी एकच ठोका

मित्रांनो, मी एक जुना ठप्पा आहे. उज्जैनजवळच्या भैरवगढमध्ये, कापडावर छपाई करणाऱ्या एका कारखान्यात मी काम करतो. एका कारागिराने सागाच्या तुकड्यावर कोयऱ्यांची वेल कोरली आणि तडकू नये म्हणून मला तेलात मुरत ठेवले. तेव्हापासून माझे काम एकच. रंगात बुडायचे, कापडावर टेकायचे आणि पाठीवर मुठीचा ठोका घ्यायचा. ठोका बसला की वेल उमटते.

इतकी वर्षे मी कुसुमताईंच्या हातात आहे. त्यांनी छापलेला साडीचा काठ पाहून गिऱ्हाइके म्हणत, "कहीं जोड़ ही नहीं दिखता!" सुरू केलेला काठ त्याच हाताने, न थांबता संपवायचा, ही आमची रीत. मध्येच सोडला की दाब बदलतो आणि सांधा दिसतो.

मग मंदारसर मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता, पण व्यापाऱ्याचा फोन आला की ते तडक टेबलाशी येत.

"ताई, हे राहू द्या. आधी नानाखेडाच्या व्यापाऱ्यांचं घ्या."

थोड्या वेळाने, "ते ठेवा, इंदूरचे सेठ भडकलेत!"

शेजारच्या टेबलावरची अपूर्वा एकदा म्हणाली, "सर, आमचं देवास गेट स्टँडवरच्या प्रवाशांसारखं झालंय. बसलो की उतरा, दुसरीत बसा!" सगळे हसले. सर हसले नाहीत.

घाईत मला धुवायलाही कुणाला सवड होईना. माझ्या रेघांत रंग वाळून बसला. कुसुमताईंचा हात घामेजू लागला. त्या मला आवळून धरत आणि नको तितका जोरात ठोका मारत. जेवणाच्या सुट्टीतही त्या टेबल सोडत नव्हत्या.

एके दिवशी एका साडीच्या काठावर सांधा दिसला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इतक्या वर्षांचा अनुभव, आणि ही छपाई?"

ताईंनी मला खाली ठेवले. "उद्यापासून मी नाही येणार, सर. झोपेतसुद्धा काठ छापते आणि तोही अर्धाच राहतो."

या कामावर ताईंचा जीव होता, त्यांचे घरही त्यावरच चालत होते. सरांनी स्टूल ओढले आणि पहिल्यांदाच आमच्या टेबलाशी बसले.

"ताई, मी तर फक्त काम वाटून देतो ना?"

"काम नाही, सर, घाई वाटता. सेठ तुम्हाला जेवढं रागावतात, तेवढं आम्हाला मिळतं. वर थोडं जास्तच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इंदूरचेच सेठ. सर जागचे उठले नाहीत.

"सेठजी, जो काम चल रहा है, पहले वो पूरा होगा. फिर आपका." पलीकडचा आरडाओरडा आम्हालाही ऐकू येत होता. "जी, नाराज़ हो लीजिए. मुझ पर होइए."

फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पण तो राग टेबलापर्यंत आला नाही. ते ताईंना म्हणाले, "चूक माझी होती. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो."

ताईंनी मला उचलले, ब्रशने वाळलेला रंग काढला आणि नवी साडी अंथरली. त्यांचा हात कोरडा होता.

आता सुरू झालेल्या काठाला कुणी अडवत नाही. सर कधी विसरून लगबगीने येतात. मग अपूर्वा खोकते आणि ते माघारी वळतात.

मित्रांनो, उद्या चार माणसांकडून काम करून घेण्याची पाळी तुमच्यावरही येईल. तेव्हा वरून आलेला ओरडा जसाच्या तसा खाली पोचवू नका. ज्याचा हात थकला असेल, त्याच्याजवळ जरा बसा. ठोका मलाही लागतो, त्याशिवाय वेल उमटत नाही. पण तो एका वेळी एकच हवा.